पाटावरचं रिव्हॉल्व्हर

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. चाळीसएक वर्षं झाली, पण त्या पाटावर काय काय मांडलं होतं ते आजही सांगेन. चीज कापायची मोठी सुरी, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, मुलीचा कॅलक्युलेटर, दुकानाच्या किल्ल्या, आणि या सगळ्याच्या मधोमध, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल ठेवलेलं एक कोरं करकरीत रिव्हॉल्व्हर.

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात सव्वीस वर्षं पोलिसात होतो. वडील इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा मी बारा वर्षांचा. ओळखीतली बाकीची मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, मी पोलीस ॲकॅडमीत गेलो. आईनं महिनाभर अबोला धरला होता! ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी डिटेक्टिव्ह झालो होतो आणि आमच्या खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच होतो. ज्यांच्या घरची ही गोष्ट, ते काका मूळचे साताऱ्याकडचे. कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्यांनी किराण्याचं छोटं दुकान घेतलं होतं. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. “या फौजदार,” म्हणायचे.

अमेरिकेत आमचे सण पंचांगाला विचारून येत नाहीत, शनिवार बघून येतात. त्या शनिवारी काकांनी खंडेनवमी उरकून घेतली होती आणि मला जेवायला बोलावलं होतं.

“काका, हे काय आहे?”

“शस्त्र! खंडेनवमीला शस्त्रांचीच पूजा करतात ना? इतकी वर्षं सुरी-कात्रीवर भागवलं. यंदा खरंखुरं आहे.”

“घेतलंत कुठून?”

“पोलिसाकडून,” काका ऐटीत म्हणाले. “तुझ्याच खात्यातला. म्हणजे शंभर टक्के लीगल.”

माझी भूकच मेली. आमच्या शहरानं काही वर्षांपूर्वी कायदा केला होता की सामान्य नागरिकाच्या नावावर नवीन हँडगन नोंदवायची नाही. आणि नोंद नसलेली हँडगन घरात ठेवणं हा गुन्हा. सवलत होती फक्त पोलिसांना. आम्ही शहराबाहेरच्या दुकानात ओळखपत्र दाखवायचं, ‘ही मी स्वतःसाठी घेतोय’ अशा फॉर्मवर सही करायची, की बंदूक हातात. पोलिसानं आपली एखादी जुनी बंदूक रीतसर कागद करून विकली, तर त्याला कोणी हटकत नसे. पण दुसऱ्याला विकायचं आधीच ठरवून त्या फॉर्मवर सही करायची, तर ते खोटं निवेदन; आणि हा उद्योगच मांडायचा, तर विनापरवाना व्यापार. दोन्ही केंद्राच्या कायद्यानं गुन्हे.

काकांनी सगळं सांगून टाकलं. एप्रिलमध्ये दुकानावर दरोडा पडला होता, चोरानं काकूंना ढकललं, त्यांचं मनगट मोडलं. रिपोर्ट घ्यायला एक सार्जंट आला. फार धीर दिला त्यानं. आठवड्यानं पुन्हा आला आणि म्हणाला, तुम्हाला बंदूक घेता येत नाही, मला येते. माझ्या नावावर आहे, ठेवा, काळजी करू नका. दुकानातल्या किमतीच्या तिप्पट भाव लावला होता.

“अहो काका, तुमच्या नावावर नाही, मग तुमच्या घरात कशी?”

एक पोलीस असं काही करेल, हे काकांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. काकू मात्र चट्‌कन समजल्या. “कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं,” त्या म्हणाल्या आणि मग खाली बसल्या. “अरे, तीन आठवड्यांवर यांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. गुन्हा नोंदला गेला तर? तू बघितलंच नाहीस असं समज ना रे. ती वस्तू आम्ही नदीत टाकून देतो.”

खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मलाही तेच वाटलं. बारा वर्षं घासून उभा केलेला संसार होता. शिक्षा झाली असती तर नागरिकत्व हुकलं असतं, कदाचित देशही सोडावा लागला असता. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीनं निकाल लावला. “डॅड, गो टु द पोलीस स्टेशन. टेल देम एव्हरीथिंग. राइट नाऊ.”

मी रुमालानं रिव्हॉल्व्हर उचललं, गोळ्या काढल्या, पावती लिहून दिली आणि काकांना गाडीत घालून ठाण्यावर नेलं. मुद्देमाल जमा करताना तिथल्या कारकुनानं विचारलं, “हा लाल रंग कसला? रक्त?” त्याला कुंकू समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी त्यानं ‘लाल पावडर, धार्मिक’ असं लिहिलं.

आमचे लेफ्टनंट तोंडाचे फटकळ, पण सरळ माणूस. “तुझ्या ओळखीचा आहे म्हणून सोडायचा?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “सोडू नका, साक्षीदार करा.” सरकारी वकिलांनी काकांचा जबाब घेतला आणि स्पष्ट सांगितलं की माणूस खरं बोलतोय असं दिसलं आणि केस उभी राहिली, तर त्याच्यावर आरोप ठेवणार नाही. नाही उभी राहिली, तर शब्द देत नाही. म्हणजे काकांचं नशीब माझ्या तपासावर आलं.

सार्जंटला मी चांगला ओळखत होतो. माझ्या पहिल्या वर्षी रिपोर्ट कसा लिहायचा ते त्यानंच शिकवलं होतं. तारीख, वेळ, ठिकाण. एक ओळ रिकामी सोडायची नाही. चौकशीच्या खोलीत तो पाय ताणून बसला आणि हसत म्हणाला, “ते रिव्हॉल्व्हर? माझ्या गाडीतून चोरीला गेलं. लाज वाटली म्हणून कळवलं नाही. तुझ्या त्या दुकानदाराला विचार, त्याच्याकडे कसं आलं ते.”

चोराच्या उलट्या बोंबा! डोकं असं सटकलं की बाहेर येऊन मी कॉफीचा कप भिंतीवर फेकला. माझी ती सवय वाईट होती. काकांचा शब्द एकीकडे आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या सार्जंटचा एकीकडे, आणि त्यात आता चोरीचा माल बाळगल्याचा आरोप. लेफ्टनंट म्हणाले, “कप पुसून घे आणि कागद बघ.”

मग मी कागद बघायला बसलो. बंदुकीच्या दुकानाला प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते; ते रजिस्टर मागवलं. सार्जंटच्या नावावर दीड वर्षात नऊ रिव्हॉल्व्हर. एका माणसाला हात दोन! पण नऊ घेतली एवढ्यानं गुन्हा सिद्ध होत नाही, शौक म्हणता येतो. दोन दिवस मी त्या तारखांकडे नुसता बघत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या नेहमीच्या कामात जुने दरोड्याचे रिपोर्ट चाळत असताना पाणी कुठं मुरतंय ते दिसलं. छोट्या दुकानावरचा दरोडा, रिपोर्ट घेणारा अधिकारी आमचा सार्जंट, आणि चार-सहा दिवसांनी एक रिव्हॉल्व्हर. नऊच्या नऊ वेळा तसंच. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं स्वच्छ अक्षरात. शिकवल्याप्रमाणं त्यानं एकही ओळ रिकामी सोडली नव्हती.

उरलेल्या आठ दुकानदारांकडे मी गेलो. कोणी बोलेना. सगळे मूग गिळून गप्प. पोलिसाविरुद्ध पोलिसाला सांगायचं म्हणजे काय, ही भीती. आणि बंदूक ठेवल्याचा गुन्हा आपल्याच गळ्यात येईल ही दुसरी. शेवटी सरकारी वकिलांची परवानगी काढून मी काकांना बरोबर नेलं. काकांचं इंग्रजी बेताचं, पण बेकरीवाल्या म्हाताऱ्या ग्रीक माणसापुढे ते उभे राहिले आणि म्हणाले, “मी पण घेतली. मी मूर्ख. मी सांगितलं. बघा, अजून बाहेर आहे.” बेकरीवाला आत गेला आणि पिठाच्या पिंपामागून पिशवी घेऊन आला. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या चौकशीत मी आवाज चढवला नाही. टेबलावर नऊ रिपोर्ट मांडले, प्रत्येकाखाली त्याच्याच सहीचा खरेदीचा फॉर्म. सार्जंटनं एकेक फॉर्म उलटून बघितला. मग म्हणाला, “मी त्यांना मदतच करत होतो. आपण किती वेळेवर पोहोचतो ते तुला माहीत आहे.”

“मग तिप्पट भाव कशाला लावलास?” मी विचारलं.

त्यानं वकील मागितला, पुढे गुन्हा कबूल केला, नोकरी गेली, शिक्षाही झाली. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते सभ्य दिसेल, पण मला आनंद झाला होता.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी काकूंबरोबर बाहेरच्या बाकावर बसलो. काकांवर आरोप ठेवणार नसल्याचं पत्र त्यांच्या खिशात होतं. तासभर झाला तरी दार उघडेना. काकूंनी दोनदा रामरक्षा म्हटली. काका बाहेर आले ते घामाघूम.

“अधिकाऱ्यानं विचारलं, कधी असा गुन्हा केलाय का, ज्यात अटक झाली नाही? मी म्हटलं, हो.”

“कपाळ माझं!” काकू ओरडल्या. “असं कोणी सांगतं का?”

“फौजदाराला सांगितलं, मग यांना का नाही? पत्र दाखवलं, सगळं सांगितलं. अगदी पाट-झेंडूसकट. तो हसायला लागला.” मग काकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. “पास झालो.”

काकूंनी तिथंच माझी अलाबला घेतली. गोरे लोक बघत राहिले.

पुढच्या वर्षी काकांचा फोन आला. ज्युरी ड्युटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा नागरिकांत बसण्यासाठी, पत्र आलं होतं. आमच्याकडे ते पत्र आलं की लोक आजारी पडतात; काका नवा सूट शिवायला टाकून आले. कोर्टात निवडीच्या वेळी नेहमीप्रमाणं वकिलांनी एकेकाला विचारलं, “पोलीस साक्षीला आला, तर तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवाल ना?” सगळे हो हो म्हणाले. काका म्हणाले, “आधी ऐकेन. मग पुरावा बघेन. मग सांगेन.” असा माणूस ज्युरीत नको म्हणून सरकारी वकिलानं त्यांना घरी पाठवलं.

“नापास झालो रे, फौजदार,” काका हिरमुसून म्हणाले. मी इतका हसलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. गणवेश दिसला की हा माणूस पूर्वी डोळे मिटून मान डोलवायचा. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ॲकॅडमीत नवीन पोरांना शिकवायला जायचो, तेव्हा पहिल्या तासाला काकांची गोष्ट सांगायचो. वकिलांचा तो प्रश्न पोरांना विचारायचो आणि म्हणायचो, साक्षीला उभे राहाल तेव्हा समोर काकांसारखेच बारा जण बसलेत असं समजून बोला.