कचरू डाखोरेंनी ऐकलेला कातळ

पुण्यात वारज्याला राहणारे कचरू डाखोरे मूळचे विदर्भातल्या दिग्रसकडचे. सारी उमर विहिरी खोदण्यात गेली. पन्नाशीत बायको मुक्ताईला घेऊन ते पुण्यात आले आणि जिल्हा न्यायालयाजवळच्या भुयारी मेट्रो स्थानकाच्या खोदकामाला लागले.

खड्डा शंभर फुटांखाली जायचा होता. सुरुंग उडाला की पहारीनं कातळ ठोकून सुटे दगड पाडायचे, हे कचरूंचं काम. एका दुपारी ठोकता ठोकता ते थांबले. जवळच इंजिनिअर पूर्वा कानडे आणि सुपरवायझर उभे होते.

“बाई, हा कातळ बोदा वाजते, आतून सुटला हाय. इथं माणसं नका ठेवू.”

“यंत्रानं तपासलंय की सगळं,” सुपरवायझर म्हणाला. “आता यंत्रं भंगारात देऊन तुमचे कान बसवायचे का?”

कचरू रागावले नाहीत. त्यांनी पहार पूर्वाच्या हातात दिली. “तुमीच पाहा. आधी इथं मारा, मंग तिथं.”

पहिला घाव घंटेसारखा खणखणला. दुसरा नुसताच ‘थप्’ झाला. पूर्वानं तिथली बारा माणसं ताबडतोब मागे घेतली आणि कातळाला भोकं पाडून पाहिली. तिसऱ्या भोकातून ओली लाल माती बाहेर आली. मग सगळ्यांना दूर ठेवून यंत्रानं तो भाग उतरवला, तेव्हा रिक्षाएवढा दगड एकदम सुटून खाली आला. सुपरवायझर पुढे होऊन म्हणाला, “काका, चुकलं माझं.” त्या दिवसापासून नवा कातळ उघडला, की पूर्वा आधी कचरूंना बोलवायची.

स्थानक सुरू झाल्यावर कचरू मुक्ताईला घेऊन गेले. सरकते जिने उतरत दोघं तळाला पोचली. वर पारदर्शक छतातून आलेलं ऊन थेट फलाटाच्या फरशीवर पडलं होतं. एवढ्या खोल ऊन उतरलेलं पाहून मुक्ताईनं वाकून त्या उन्हात हात धरला. कचरू तर वाटेतच मान वर करून उभे राहिले.

“काका, साइड प्लीज!” लॅपटॉपची बॅग लावलेली एक मुलगी मागून म्हणाली.

अनोळखी माणसाशी कधी न बोलणारी मुक्ताई वळली. “थांब ना माय जराशी. हे यायनं खोदलं हाय. पाहू दे त्याइले.”

मुलीनं कानातले इअरफोन काढले. पायल तिचं नाव. “खरंच काका? तुम्ही?”

“मी एकला नाही वो. शेकड्यानं माणसं होतो आमी,” कचरू म्हणाले, आणि पहिल्या सुरुंगापासून सांगायला लागले.

पायलनं एक मेट्रो सोडली. मग दुसरीही सोडली.