पालक आणि स्थानिक पालक

डी.एड.ला माझा नंबर साताऱ्यात लागला, तेव्हा आमच्या घरातलं कुणी साताऱ्यात कधी मुक्कामाला राहिलेलं नव्हतं. पलूसजवळच्या आमच्या गावाहून कराडमार्गे एसटीनं जायचं, एवढंच ठाऊक. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. वडील फौजेत हवालदार. माझ्या प्रवेशासाठी सुट्टी काढून आले होते. वसतिगृहाच्या फॉर्मवर ‘पालक’ असं लिहिलं होतं, तिथं त्यांनी ठसठशीत सही केली. खाली ‘स्थानिक पालक’ होतं, तिथं त्यांचं पेन थांबलं.

“गावातलं कुणीतरी लागेल,” कारकून म्हणाले. “मुलगी आजारी पडली तर तुम्ही काय सरहद्दीवरून येणार?”

आमचं साताऱ्यात कुणीच नव्हतं. दुपारी स्टँडजवळच्या एका खानावळीत जेवायला बसलो. वडिलांच्या ताटातली भाकरी तशीच होती. खानावळ चालवणाऱ्या बाई वाढायला आल्या. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला.

“आमटी तिखट झाली का?”

“न्हाई ओ, आमटी झकास हाय,” वडील म्हणाले, आणि सगळी अडचण सांगून बसले. मग एकदम म्हणाले, “ताई, तुमी करता का सही? नुसती सही हाय, दुसरं काय न्हाई.”

“नुसती सही मी कशावरच करत नाही. काम काय असतं ते सांगा आधी.”

ते वडिलांनाही माहीत नव्हतं. जेवणाची गर्दी ओसरल्यावर बाई हात पुसून आमच्याबरोबर वसतिगृहात आल्या आणि रेक्टरबाईंनाच त्यांनी विचारलं. उत्तर सरळ होतं. मुलीला शिकवायचं की घरी न्यायचं, हे पालकांनी ठरवायचं. स्थानिक पालकानं रविवारी भेटायचं, दुखलंखुपलं बघायचं. निर्णयाचा अधिकार त्याला नाही.

“म्हणजे हक्क यांचा आणि पोरगी माझ्यापाशी,” बाई म्हणाल्या. “बरं, चालेल.” आणि त्यांनी सही केली.

मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईला नोकरीला होता. दर रविवारी त्यांच्याकडं जेवायचं, हा त्यांनी घातलेला नियम. पहिले काही रविवार मी लसूण सोलत गप्प बसून राहायची. वर्गात मी बोलायलाच भीत होते. सरावाच्या पहिल्याच पाठाला माझ्या तोंडून “ह्ये झाड हाय” असं गेलं, आणि चौथीची पोरं बाकं बडवून हसली. मागं बसलेल्या माझ्या मैत्रिणीही हसल्या. त्या रविवारी मावशींसमोर रडू फुटलं.

त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. जेवायला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना म्हणाल्या, “आज ताट उशिरा मिळेल. आधी आमची बाई शिकवणार आहे.”

मला भिंतीशी उभं केलं. मी मुळांबद्दल सांगायला लागले. एक मिशाळ कंडक्टर हात वर करून म्हणाला, “बाई, उसाची मुळं किती खोल जात्यात?” हे मला घरच्या रानात बघून ठाऊक होतं. मी सांगत सुटले. कुठं हाय आलं, कुठं आहे आलं, कुणी हसलं नाही. पुढं कित्येक रविवार माझे पाठ आधी त्या खानावळीत झाले आणि मग शाळेत. वर्गात उभं राहायचं बळ मला तिथं मिळालं, हे मी आजही मानते.

थंडीत वडील पुन्हा सुट्टीवर आले. गावाकडं माझ्यासाठी स्थळ आलं होतं. मुलगा फौजेतला, घरचा ऊस. आई आणि आजी हटून बसल्या होत्या. वडील मला न्यायलाच आले, आणि जाण्याआधी गुळाची ढेप घेऊन मावशींचे आभार मानायला मला बरोबर घेऊन गेले.

“लगीन ठरतंय,” ते म्हणाले. “नाव काढून घेतो हिचं.”

“परीक्षा चार महिन्यांवर आली आहे,” मावशी म्हणाल्या.

“ताई, तुमी स्थानिक पालक. पालक मी हाय.” वडील रागानं बोलले नाहीत, पण त्यांचा आवाज पलटणीतला झाला होता.

“मला कबूल आहे. न्यायचं ठरवलंत तर मी अडवू शकत नाही. पण तुम्ही पोरगी सोपवलीत ती मास्तरीण व्हायला. अर्धवट मास्तरीण परत देताना मला वाईट वाटेल, एवढं सांगते. आणि तिला विचारलंय का कुणी?”

दोघं माझ्याकडं बघू लागले. वडिलांसमोर असं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. मी खाली बघून म्हणाले, “आबा, मला शिकायचंय.”

वडिलांनी गुळाची ढेप मावशींपुढं सरकवली. मग म्हणाले, “जेवायला वाढा, ताई.” जेवून ते एकटेच गावाकडं गेले. स्थळ हातचं गेलं. आईनं त्यांच्याशी अबोला धरला, आजी सुट्टीभर कुरकुरत राहिली, आणि सगळं त्यांनी ऐकून घेतलं. हक्क असूनही त्यांनी तो वापरला नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मावशींना हक्क नव्हता, तरी त्या बोलल्या. दोघांपैकी कुणाचं जास्त, हे मी कधी ठरवू शकले नाही.

दुसरं वर्षही पुरं झालं. पुढं सांगली जिल्ह्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, आणि दोन वर्षांनी माझ्या पसंतीनं लग्न ठरलं. मावशी खानावळ बंद ठेवून लग्नाला आल्या. आईची आणि त्यांची ती पहिली भेट. आईनं त्यांना ओटी भरायला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, “आवं ताई, त्या टायमाला तुमास्नी घरात बसून मी लय शिव्या दिल्या.”

मावशी म्हणाल्या, “उचक्या लागत होत्या खऱ्या. मला वाटलं, मुलाला आठवण येतेय.”

मग दोघी इतक्या हसल्या की ओटीतले तांदूळ पाटावर सांडले.