कोठीतली जुनी बिअर

“असल्या माणसाला पुढच्या गाडीत बसवून सरळ ठाण्याच्या तुरुंगात पाठवलं पाहिजे,” व्हरांड्यातला साहेब म्हणाला आणि त्याचा पाहुणा हसला.

दोघे इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे आवाज खाली करायची गरज त्यांना वाटली नव्हती. बाबा त्यांच्यासमोर हात बांधून उभे होते. मी कोठीच्या दाराआड, हातात बाबांचा जेवणाचा डबा धरून. मला सगळं कळत होतं. ते त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी खाली बघत होते.

कर्जतला गाडी थांबते ती घाट चढायला मागून इंजिन जोडण्यासाठी. तेवढ्या वेळात साहेबलोक उतरून स्टेशनातल्या खाण्याच्या खोलीत खातात, पितात. त्या खोलीची कोठी बाबांच्या ताब्यात होती. पीठ, साखर, डब्यातलं लोणी, आणि मागच्या भिंतीला दारूच्या पेट्या. बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. बाटल्या हाताळल्या की जेवायला बसण्यापूर्वी ते राखेनं हात घासायचे, मग पाण्यानं धुवायचे, मग वास येतो का ते आईला विचारायचे.

तरी आमच्या गावात, कडावला, बोलायचे ते बोलायचेच. “बाप दारूच्या कोठीवर आनि पोर मडमांच्या शाळंत. लगीन कोन करनार हाय हिच्याशी?” खालापूरला आजोळी गेले तर मावश्या माझ्यादेखत हेच बोलत. मी उत्तर देत नसे. पुण्याच्या मडमांच्या शाळेत विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे शिकवलं होतं आणि घरी पुरुषांसमोर बोलायचं नाही हे. दोन्हीकडून मला एकच धडा मिळाला होता, आणि मी तो चांगला पाठ केला होता.

आता साहेब जिच्यावरून चिडला होता त्या बिअरबद्दल. बाबांची चूक झाली होती, हे मी आधीच सांगून टाकते. पण ती कुठून आली, तेही ऐकायला हवं.

आमच्याकडे पाहुण्याला नवा तांदूळ घालत नाहीत. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, पोटाला जड जातो. जावई आला, व्याही आले, की कणगीच्या तळाचा जुना तांदूळ काढायचा. चिंच जुनी हवी. औषधाला गूळ जुना हवा. ज्याच्या घरी जुनं शिल्लक आहे ते घर भरलेलं, आणि जुनं वाढलं म्हणजे पाहुण्याचा मान राखला. बाबांनी कोठी याच रीतीनं लावली होती. नव्या पेट्या पुढे, रोजच्या उतारूंसाठी. सगळ्यांत जुन्या पेट्या मागे, पत्र्याच्या छपराखाली. मी सुट्टीत आले की ते मला त्या कौतुकानं दाखवत.

“ही बघ बाय, तू शाळंत गेलीस त्या साली आलेली बियर. हिला कोनी हात नाय लावायचा. मोठा साहेब येईल तवा काढायची.”

खोलीतला बटलर हा श्रीवर्धनकडचा मुसलमान म्हातारा. तो बाबांना पुन्हा पुन्हा सांगायचा, “भाऊ, बियर ठेवायची चीज नाय. तिला दुधासारखी समजा. ठेवायची तर बरांडी ठेवा, ती तुमच्या नातवापर्यंत टिकेल.”

“तुला पाजायची घाई,” बाबा म्हणायचे. “दोगी एकाच जहाजानं आल्या, एकाच पत्र्याखाली ऱ्हायल्या. एक टिकते आनि दुसरी नाय, असं कसं रं होईल?”

त्यांच्याकडे पुरावाही होता. एकदा पेट्यांमागे विसरून राहिलेली ब्रँडी निघाली. लेबल बुरशीनं खाल्लेलं, पण आतला माल असा, की घाटावर जाणाऱ्या एका कप्तानानं बाबांची पाठ थोपटली. तेव्हापासून बाबांची खात्रीच झाली. आणि चव घेऊन बघणं तर त्यांना शक्यच नव्हतं.

त्या दिवशी मुंबईहून नवा मोठा साहेब खोली तपासायला आला, सोबत एक पाहुणा. बाबांनी मागच्या पेटीतली ती जुनी बिअर स्वतः काढली. उपरण्यानं पुसली. तार सोडवली, बूच ओढलं. बूच निघालं ते आवाज न करता. पेल्यात फेस आला नाही. गढूळ तपकिरी पाणी आणि त्यात तरंगणारे पापुद्रे. साहेबानं घोट घेतला आणि व्हरांड्याच्या कडेला थुंकला.

मग पाहुण्याशी ते तुरुंगाचं बोलणं झालं. हा बाटल्या रिकाम्या करतो, साहेब म्हणाला, मग उष्ट्या पेल्यांत उरलेलं आणि नळाचं पाणी भरून बूच बसवतो, या लोकांची ही जुनी युक्ती आहे. बाबा हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. त्यांना पेट्यांवरचं इंग्रजी यायचं, बोलण्यातलं नाही. बिअर साहेबाला फार कडक लागली असेल, असं त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यानं साहेबाचं भागलं नाही. तो उठून उभा राहिला आणि हिंदुस्थानीत, साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असा ओरडला, “तुम चोर है! समझा? चोर!”

हमाल थांबले. रूळ बदलणारा सांधेवाला थांबला. गाडीची वाट बघत बसलेल्या कडावच्या बायका टोपल्या सोडून उठल्या. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेल्यासारखा झाला. “नाय साहेब,” ते म्हणाले. एवढंच.

मी डबा खाली ठेवला.

मागच्या पेट्यांपाशी गेले. त्याच पेटीतली एक बिअर उचलली. तिच्या बुचावरची तार गंजून काचेला चिकटली होती, वरचा शिशाचा पत्रा विलायतेहून आला तसा होता, कारखान्याच्या शिक्क्यासकट. शेजारच्या, तितक्याच जुन्या पेटीतली ब्रँडी घेतली. दोन्ही हातांत दोन बाटल्या धरून, डोक्यावरचा पदर सांभाळता येत नाही अशा अवस्थेत, मी व्हरांड्यात गेले आणि त्या साहेबाच्या मेजावर ठेवल्या.

“बाय, घरी जा,” बाबा पुटपुटले.

“या तुम्ही स्वतः उघडा,” मी साहेबाला इंग्रजीत म्हटलं.

साहेब आधी माझ्याकडे बघत राहिला, मग पाहुण्याकडे. पाहुण्याला मौज वाटली असावी. त्यानंच बिअर उचलली, पत्रा बघितला, शिक्का बघितला, चाकूनं तार तोडली. बूच मुकाट्यानं निघालं. तोच गढूळपणा, तेच पापुद्रे. त्यानं हुंगून तोंड वाकडं केलं. मग साहेबानं ब्रँडी उघडली. हुंगली. एक घोट घेतला. थांबून दुसरा घेतला, आणि तो तपासणीसाठी नव्हता.

“मोठा अजब चोर आहे तुझा,” पाहुणा म्हणाला. “बिअर पिऊन टाकली आणि ही सोडली!”

साहेबानं मला विचारलं, मग ही सडकी बिअर आपल्यापुढे का आणली? तेव्हा मला कणगीतल्या तांदळाबद्दल सांगावं लागलं. इंग्रजीत ते नीट सांगताच येईना. माझ्या शाळेतल्या कुठल्याही पुस्तकात जुन्या तांदळाचा मान नव्हता. मी अडखळत म्हटलं, की तुमच्यासाठी त्यांनी घरातलं सगळ्यांत चांगलं म्हणून हे राखून ठेवलं होतं. दोघेही मोठ्यानं हसले. हसू देत. मला त्या तांदळाची लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

“तर मग चोर नाही, नुसता खुळा आहे,” साहेब इंग्रजीत म्हणाला. “ठीक आहे. काम चालू ठेवू दे. ती बिअर गटारात ओता आणि सोडा आणा.”

“काय म्हनला गं?” बाबांनी विचारलं.

“नोकरी ऱ्हायली, भाऊ,” बटलर माझ्याआधी बोलला. बाबांनी साहेबाला वाकून सलाम केला, पुन्हा केला. बटलर म्हणाला, “चल पोरी, झालं ना? आता गप घरी जा.”

पण झालं नव्हतं. हमाल अजून उभे होते. एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागला होता. बायका बाबांकडे बघत होत्या, बाबा कोणाकडेच बघत नव्हते. शिवी सगळ्यांना कळली होती. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, ते त्या फलाटावर माझ्याशिवाय आणि बटलरशिवाय कोणाला कळलं होतं? संध्याकाळपर्यंत कडावला पोचलं असतं ते एवढंच, की कोठीवाल्याला साहेबानं चोर म्हटलं आणि त्यानं वाकून सलाम केला.

साहेब पुन्हा खुर्चीत टेकत होता. मी मेजापासून हलले नाही. आणि या वेळी इंग्रजी बाजूला ठेवून, त्याच्याच हिंदुस्थानीत, टोपल्यांपाशी उभ्या असलेल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, “साहेब, चोर म्हणालात ते इथं सगळ्यांना कळेल अशा बोलीत म्हणालात. चोर नाही, हेही आता त्याच बोलीत म्हणा.”