दोनशे वर्षांपुढची भिंत

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसते फक्त एक भिंत. साठ पावलं लांब, दोन पुरुष उंच, पाण्याच्या जुन्या टाकीच्या आवाराची. तिच्यावर वर्षानुवर्षं डकवलेल्या जाहिरातींचे पापुद्रे सुटलेले. समोरच्या बाजूला डावीकडे शिंप्याचं दुकान, त्याला खेटून किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी, आणि उजवीकडे इस्त्रीवालीचं टेबल. प्रकाश सकाळी दहाचा, सरळ आणि स्वच्छ. भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून, मान जराशी तिरकी करून, एक ठेंगणी बाई उभी आहे. वय एकाहत्तर. पायातल्या चपलांवर इतका रंग सांडलाय, की मूळ रंग कोणता होता ते त्या चपलांनाही सांगता येणार नाही.

हिला सगळे पडदेमावशी म्हणत.

नाटकात नटांच्या मागे जो रंगवलेला पडदा टांगतात, जंगलाचा, राजवाड्याचा, नदीकाठाचा, तो रंगवणं हा तिचा धंदा. वडिलांचा हात थरथरायला लागला तेव्हा तिने कुंचला घेतला आणि पुढची सेहेचाळीस वर्षं खाली ठेवला नाही. नाटक कंपनीकडे कापड मोजकंच. म्हणून एक नाटक उतरलं की पडदा मागच्या अंगणात पसरायचा, त्यावर बादल्या ओतायच्या, खराट्याने घासायचा आणि वाळला की पुढच्या नाटकासाठी घ्यायचा. तिच्या राजवाड्याखाली जंगल होतं, जंगलाखाली कचेरी, कचेरीखाली आणखी काय काय. एका कापडावर तर तिने अकरा नाटकं रंगवली होती. ते उचलायला चार माणसं लागायची आणि चौघंही तिला शिव्या घालायची.

पुढे थिएटर बंद पडलं, तिथे फर्निचरचं गोदाम झालं, आणि पडदे कुठे गेले ते कोणी विचारलंही नाही. थोडक्यात, इतकं आयुष्यभर रंगवून मावशीचं स्वतःचं म्हणावं असं एक वीतभर चित्र जगात कुठे शिल्लक नव्हतं. ती रडगाणं गाणाऱ्यांतली नव्हती. फक्त एकदा, पडदा घासता घासता, ती नवऱ्याला म्हणाली होती, "अहो, एकदा तरी असं काही काढायचंय, की ज्याच्यावर दुसऱ्या दिवशी बादली ओतायला लागू नये."

नवरा त्याच कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना पुढचं वाक्य पुटपुटायचं. त्यामुळे त्याचं नाव पडलं कुजबुजकाका. ही सवय घरीही सुटली नाही. समोरचा बोलता बोलता थांबला, की काका पुढचा शब्द पुरवणारच.

"अहो, जरा ते द्या..."

"मीठ."

"मीठ कशाला? चष्मा!"

"मग तू थांबलीस मिठाच्या जागी," काका शांतपणे म्हणत.

महानगरपालिकेची सूचना काकांनीच वाचून दाखवली. टाकीच्या भिंतीवर चित्र काढून घ्यायचं होतं. विषय: ही गल्ली दोनशे वर्षांनी कशी असेल? गल्लीतल्या किंवा बाहेरच्या, कोणत्याही कलाकाराने नमुना घेऊन यावं. मावशीने ऐकलं, भांडं विसळून पालथं घातलं, आणि म्हणाली, "भिंत धुता येत नाही, नाही का?"

त्यानंतर आठवडाभर ती गल्लीत हिंडून एकच प्रश्न विचारत होती: दोनशे वर्षांनी इथे काय असायला हवं? किल्लीवाला म्हणाला, सावली. शिंपी म्हणाला, बसायला जागा, पण कोणी 'उठा' म्हणणार नाही अशी. इस्त्रीवाली म्हणाली, "पाणी. बादल्या उचलून उचलून माझा हा उजवा खांदा बघ, डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलाय."

निवड करायला चौघं बसले होते. त्यातले दोघं मान डोलवण्यापुरते. बोलणारे दोघं, एक कला विभागाच्या तरुण मॅडम आणि दुसरे इंजिनियरसाहेब. टेबलावर एकतीस नमुने होते आणि त्यातल्या सत्तावीसांत गाड्या उडत होत्या. मावशीने खोक्यात बसवलेला छोटा देखावा पुढे ठेवला. नाटकाचा पडदा मालकांना दाखवायची तीच रीत. मधोमध डांबराऐवजी वाहतं पाणी, दोन्ही काठांना झाडं, गच्चीवरून गच्चीवर जायला पूल, आणि खाली शिंप्याचं दुकान, जिथे आज आहे तिथेच.

"अहो मावशी," इंजिनियरसाहेब म्हणाले, "यात भविष्य कुठाय? दोनशे वर्षांनी शिंपी राहणार आहे का?"

"का? लोक कपडे घालायचं सोडणार आहेत?"

मान डोलवणारे दोघं पहिल्यांदाच हसले. मॅडमनी खोक्यात वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, "मला इथे राहायला आवडेल." काम मावशीला मिळालं.

पालिकेने परांची आणि हिरवी जाळी बांधून दिली. सव्वा महिना मावशी जाळीच्या आत होती. गल्लीला फक्त तिचा आवाज ऐकू यायचा. काका बाहेर खुर्ची टाकून बसत आणि ती थांबली की शब्द पुरवत. इस्त्रीवालीने रोज दुपारी चहा आत दिला, किल्लीवाल्याने शिडीचं सैल झालेलं बिजागर आपणहून बसवून दिलं. मावशी काकांना सांगायची, "थिएटरात मला कोणी शिडी धरली नव्हती. इथे बघा, सगळी गल्ली धरून उभी आहे."

शेवटी जाळी उतरली.

आणि काय रंगवलं होतं म्हणून सांगावं! पाणी असं, की किल्लीवाल्याने नकळत पाय मागे घेतला. झाडांची सावली खरोखरच फुटपाथवर उतरल्यासारखी. दुकानांच्या पायऱ्या, पुलांच्या कमानी, उघडी दारं, वाट पाहत असलेली बाकं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या कमी कमी होत गेल्या आणि एक चमत्कारिक शांतता पसरली. पडदा वर गेलाय पण नट आलेला नाही, तेव्हा पसरते तशी.

शिंपी दुकानातून उतरून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"मावशी, माणसं कुठायत?"

मावशी गोंधळली. "कुठली माणसं?"

"कुठलीही. एक तरी. दुकान माझं आहे, दार उघडं आहे, आत कोणी नाही. दोनशे वर्षांनी काय, सगळे मेले?"

इतक्या वर्षांत मावशीने पडद्यावर एक माणूस काढला नव्हता. काढायचा नसतोच. माणसं विंगेतून येतात. पडद्यावर माणूस काढला तर जिवंत नट त्याच्यापुढे खोटा दिसतो, हे तिला वडिलांनी सहाव्या वर्षी शिकवलं होतं. रिकामा बाक ही पडद्याची शोभा, कारण त्यावर आत्ता कोणीतरी येऊन बसणार असतं. भिंत रंगवताना तिला एकदाही, अगदी एकदाही, काही राहिलंय असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहणीला आलेल्या इंजिनियरसाहेबांनी खिशात हात घालून, टाचांवर मागेपुढे डुलत, भिंत पाहिली. "हे भविष्य नाही, ही साथीनंतरची सुटी आहे. लहान मुलं घाबरतील."

"साहेब, माणसं पुढून चालतील ना," मावशी म्हणाली. "ही गल्लीतली. हीच माणसं. मी जागा सोडलीय त्यांना."

मॅडमना ते पटू लागलं होतं. पण इस्त्रीवाली टेबलाशी उभी राहून ऐकत होती, आणि तिला खोटं बोलता येत नसे. "मावशी, तुझं खरं आहे गं. पण आम्ही पुढून जातो तेव्हा भिंत आमच्या बाजूला नाहीतर पाठीला असते. आम्हाला आम्ही कुठे दिसतो? आम्हाला दिसतं ते हे सगळं रिकामं."

मावशीने काकांकडे पाहिलं. काकांकडेही पुढचं वाक्य नव्हतं.

"आठ दिवस," इंजिनियरसाहेब म्हणाले. "नाहीतर पांढरा रंग मारून दुसऱ्याला द्यावी लागेल."

ते गेल्यावर मावशी शिंप्याच्या पायरीवर बसली. पुन्हा बादलीच. फक्त या वेळी पांढऱ्या रंगाची. शिंप्याने शिलाई थांबवली.

"माणसं काढ की मग. एवढी झाडं काढलीस."

"मला येत नाहीत रे. खरंच येत नाहीत. आयुष्यात काढली नाहीत. हात कुठून सुरू होतो ते मला ठाऊक नाही."

"हात खांद्यापासून सुरू होतो," शिंपी म्हणाला. "मलाही चित्रं येत नाहीत. पण मापं येतात."

त्याने खालच्या कप्प्यातून वह्या काढल्या. गल्लीतल्या माणसांची पस्तीस वर्षांची मापं. खांदे, छाती, बाह्या, पाठीची लांबी. समासात बारीक अक्षरांत शेरे: 'डावा खांदा उंच', 'पोक आहे, पाठ एक बोट वाढव', 'बसताना पोट सोडतो'.

"दोनशे वर्षांनी नाकं-डोळे कोणाचे कसे असतील, देव जाणे," तो म्हणाला. "पण खांदे आमचेच असणार. खांदे घराण्यातून जात नाहीत, मी पाहिलंय. आजोबाचा सदरा शिवला, नातवाचा शिवला, तीच वही काढतो."

मग तो कामाला लागला. वर्तमानपत्रं चिकटवून मोठे कागद केले आणि कपडे बेततो तसे त्यातून माणसांचे आकार कापले. मावशी ते भिंतीवर धरायची, त्याच्या खडूने कडा आखायची आणि आत रंग भरायची. पहिले दोन आकार भयंकर झाले. किल्लीवाला म्हणाला, "हा माणूस आहे की टांगलेला कोट?" तिसऱ्याला गुडघा आला. चौथा चालू लागला.

चेहरे मात्र तिला जमेनात आणि शिंप्याच्या वहीत चेहरे नव्हतेच. म्हणून तिने सगळ्यांना पाठमोरं उभं केलं. गल्लीत आत आत चाललेले, पुलावर वाकलेले, बाकावर टेकलेले, सगळ्यांची पाठ पाहणाऱ्याकडे.

काका खुर्चीतून उठले. "अगं, प्रेक्षकांना पाठ? कंपनीत यासाठी एकाला काढून टाकलं होतं."

"ते नट होते. हे लोक आहेत. लोक आपल्या कामाला चाललेत."

पाचव्या दिवशी इस्त्रीवाली चहा घेऊन आली आणि मध्येच थांबली. पाण्याच्या काठाने एक मुलगी चालली होती. हातात काहीच नाही, रिकामे हात हलवत. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. इस्त्रीवालीने कप खाली ठेवला. ती भिंतीजवळ गेली.

"हिच्या हातात बादली नाही," ती म्हणाली.

"पाणी दारात आहे ना तिच्या."

"मग खांदा का उतरलाय?"

"तुझ्याकडून आलाय," मावशी म्हणाली.

आठव्या दिवशी गाडी आली. इंजिनियरसाहेब उतरले, खिशात हात घातले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. पुलाशी थांबले. पुलावर एक बुटका गृहस्थ पाठमोरा उभा होता, खिशात हात, टाचा किंचित उचललेल्या, सगळ्या गल्लीवर नजर ठेवून असल्यासारखा. साहेब शिंप्याच्या दुकानात कधी आले नव्हते, पण शिंपी नुसत्या नजरेने माप घेणारा माणूस. मॅडमनी ते पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि चटकन तोंडावर रुमाल धरला.

"हा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो," इंजिनियरसाहेब म्हणाले.

"असेल साहेब," शिंपी म्हणाला. "चांगल्या घरचा दिसतो."

स्वतःची पाठ कोणी पाहिलेली असते? साहेब आणखी जरा वेळ तिथेच उभे राहिले, टाचांवर डुलत. मग कागदावर सही करून म्हणाले, "पूल मजबूत काढलाय. राहू दे भिंत."

गल्लीने जो काही गलका केला, तसा मावशीच्या एकाही पडद्याला कधी मिळाला नव्हता. टाळ्या नेहमी नटांना असत. मावशी त्या वेळी मागे दोर ओढत असायची. आज दोर ओढायला कोणी नव्हतं, म्हणून तिला समोर उभं राहावं लागलं. तिने शिंप्याला पुढे ओढलं, इस्त्रीवालीला ओढलं, किल्लीवाल्याला ओढलं. काका दोन शब्द पुटपुटत होते, "आभारी आहे, आभारी आहे म्हण," पण तिने ते केव्हाच सगळ्यांचे हात दाबून सांगून टाकलं होतं.

गर्दी ओसरल्यावर मॅडम जवळ आल्या. त्यांचा चेहरा जरा उतरला होता.

"मावशी, एक सांगायचं राहिलंय. आधीच सांगायला हवं होतं. पालिकेचा नियम आहे. दर पाच वर्षांनी भिंत नव्या कलाकाराला देतात. हे चित्र पाच वर्षंच राहील."

काकांनी मावशीकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती, त्या सगळ्या पाठींकडे. मग तिने मॅडमचा हात आपल्या रंगलेल्या हातांत घेतला.

"पाच वर्षं? अहो, माझा सगळ्यात जास्त चाललेला पडदा चौदा महिने टिकला. पाच वर्षं म्हणजे तुम्ही मला केवढं दिलंत! आणि पुढचा जो कोणी येईल ना, त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, खालचा थर पक्का बसलाय, खरवडत बसू नकोस. बिनधास्त वरून रंगव."