कॉलेजला बोलावलं कांदेपोह्याला

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याला कारण मीच. इंगोलश्टाटला आमच्या हॉटेलच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, अस्सल पंजाबी आचारी. तो अस्सल पंजाबी म्हणजे मी. गाव नगर जिल्ह्यातलं, पंजाब बघितला तो ट्रकच्या मागं लिहिलेला. तंदूर नावाची वस्तू जर्मनीत उतरल्यावर पहिल्यांदा बघितली आणि त्याच दिवशी भुवया जाळून घेतल्या. मालकाला सगळं माहीत होतं. गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं, ती बोटं चाटून खायची. आता ज्याचं स्वतःचं पोट असल्या पाटीवर चाललंय, तो दुसऱ्याची पाटी बघून काय म्हणणार? हीपण तसलीच असणार.

आमची मुलगी दोन वर्षांची असताना इकडं आली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. म्हणजे मी मराठीत ओरडायचं, तिनं जर्मनमध्ये उलटून बोलायचं आणि बायकोनं दोन्ही भाषांत गप्प करायचं, असं आमचं घर. जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्याच्या पुढच्या वर्षी ती जिम्नाझिउमच्या, म्हणजे इथल्या वरच्या शाळेच्या, शेवटच्या वर्षाला होती. डोकं हुशार. ते कुणाकडून आलं यावर घरात वाद नाही, बायको बीकॉम आहे आणि मी पाचवीत शाळा सोडली. सोडली म्हणतो आपलं. शाळेनं माझी फार वाट बघितली असं नाही.

माझ्या मनात पक्कं होतं की पोरगी म्युनिकला शिकायला जाईल, ट्रेननं रोज घरी येईल, आणि मग इथंच गाड्यांच्या कारखान्यात लागेल. संध्याकाळी आपल्या टेबलावर जेवेल. त्यापलीकडं मी इंजिनिअरिंगचा विचार केलेला नव्हता.

सोमवारी हॉटेलचा रूहेटाग, म्हणजे सुट्टी. तसल्या एका सोमवारी जेवताना ती म्हणाली, मला फ्रान्समध्ये इंजिनिअर व्हायचंय. सरहद्दीपासून जवळच एक विद्यापीठ आहे, तिथं.

मी विचारलं, किती वर्षांचा कोर्स? म्हणाली, साधारण पाच. साधारण म्हणजे काय, मी म्हटलं, बिर्याणी आहे का? मग तिनं समजावलं. पहिली दोन वर्षं सगळे एकत्र, नंतर आपली शाखा घ्यायची. पण वर्ग असा नसतो. दर सहा महिन्यांनी प्रत्येकानं आपापले विषय निवडायचे, त्याचे गुण साठवत जायचे, साठले की इंजिनिअर. दोन मुलं एकत्र आली तर बरोबरच सुटतील असंही नाही.

पोरांनी स्वतः विषय निवडायचे? मला निवडू दिले असते तर मी मधली सुट्टी घेतली असती आणि त्यात पदवी मिळवली असती. ती आत गेल्यावर मी बायकोला म्हटलं, कुणीतरी पोरीला फसवतंय. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, मग चौकशी करा की."

इतक्या शांतपणे ती कधीच बोलत नाही. सगळ्या प्रकरणात संशय घ्यायची खरी जागा तीच होती, आणि तिथंच मी घेतला नाही.

चौकशी मला एकाच प्रकारची येते, स्थळाची. घराणं कुठलं, बाप काय करतो, भावंडं किती, आधी कुठं जमून मोडलं का. रेगेन्सबर्गला एक पुण्याचा मुलगा डॉक्टरेट करत होता. मेनूत नसलेली आमटी खायला तो अधूनमधून आमच्याकडं यायचा. त्याचं फ्रान्समधल्या त्या भागात कामानिमित्त जाणं-येणं होतं. त्याला फोन लावला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही कॉलेज बघताय का जावई?"

"पोरगी दोन्हीत जाते," मी म्हटलं.

आठवड्यानं त्यानं सगळा वंश सांगितला. स्थळ वयानं मुलीपेक्षा लहान. पण ते आधीच्या दोन संस्था जोडून केलेलं. एक इंजिनिअरिंगची शाळा एका गावातली, जिथं रेल्वेची इंजिनं होतात. दुसरी शेजारच्या गावाकडची, तिकडं गाड्यांचा कारखाना. सरकारनं दोघींचं एक विद्यापीठ केलं, पण इमारती अजून दोन्हीकडं आहेत आणि पोरं बसनं ये-जा करतात. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. मी म्युनिकला दोन हॉटेलं जोडून झालेल्या एका हॉटेलात काम केलंय. दोन मालक, दोन मेनू, आणि मीठ कुणी टाकायचं ते शेवटपर्यंत ठरलं नाही. दोन दुकानं एक होतात तेव्हा त्यातलं एक बुडालेलं असतं.

भावंडं आहेत, म्हणाला. अशाच पद्धतीची एक थोरली, चांगली नावाजलेली. घराण्याला एक बरोबरची खूण झाली. बाप कोण? पॅरिसचं मंत्रालय. मंत्री संचालक नेमतो. संचालकावर एक मंडळ, त्यात मास्तर, कारखान्यातली माणसं आणि विद्यार्थी. मी म्हटलं, विद्यार्थी चहा द्यायला का? नाही म्हणाला, निवडून येतात, मत देतात. शिवाय सहामाही संपली की पोरं मास्तरांना मार्क देतात.

आमचे पाचवीचे गुरुजी डोळ्यांपुढं आले, छडीसकट. त्यांना मी किती मार्क दिले असते, आणि दिल्यावर माझं काय झालं असतं.

सगळ्यात मोठी भानगड त्यानं शेवटी सांगितली. फ्रान्समध्ये म्हणे विद्यापीठात बारावी झालेला बहुतेक कुणीही जातो. खरा मान असतो तो मोठ्या शाळांना, तिथं निवडून घेतात. आणि आपलं स्थळ? नाव विद्यापीठ, कारभार शाळेचा. निवडून घेणारं.

"म्हणजे पाटी एक आणि आत दुसरंच," मी म्हटलं. "माझ्यासारखं."

"उलटं आहे काका. तुमच्या पाटीवर मोठं आणि आत छोटं. त्यांच्या पाटीवर छोटं, आत मोठं."

पुण्याचा मुलगा. खाल्लेल्या आमटीची काही भीड नाही.

माझं तरी समाधान होईना. ऐकीव चौकशीवर कुणी मुलगी देत नाही, समोर बघावं लागतं. योग असा आला की त्या विद्यापीठातली पोरं मधेच सहा-सहा महिने कारखान्यात कामाला पाठवतात. तसला एक फ्रेंच मुलगा इंगोलश्टाटला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याचं काम बघायला तिकडचे मास्तर स्वतः येणार होते, जूनमध्ये, सोमवारी. पोरीच्या तोंडून हे निसटलं. निसटलं असं तेव्हा मला वाटलं.

"बोलव घरी," मी म्हटलं. "दोघांनाही. कांदेपोहे करतो."

तिनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, बोलव. मी परत काही ओळखलं नाही.

सोमवार आला. मी लग्नातलं जाकीट घातलं, बटणं लागेनात म्हणून उघडंच ठेवलं. पोहे म्युनिकच्या एशिया लाडेन म्हणजे आशियाई दुकानातून आणलेले, कढीपत्ता फ्रीझरमधला. इतकी वर्षं पंजाबी होऊन माझा हात गेला होता. पोहे जास्त भिजले. "अहो, याच्या वड्या थापता येतील," बायको म्हणाली. मी वरून खोबरं टाकून झाकलं.

मास्तर म्हणजे लांब मानेचा, शांत माणूस. सरहद्दीकडचा, त्यामुळं जर्मन फाडफाड. तिथंच माझा डाव अर्धा गेला. मी ठरवलं होतं, आपण मराठीत विचारायचं, पोरगी फ्रेंचमध्ये सांगेल, तोवर आपण त्यांचा चेहरा न्याहाळायचा. आता ती जर्मनमध्ये सांगणार आणि माझं स्वयंपाकघरातलं जर्मन का होईना, मला निम्मं कळणार. बरोबरचा मुलगा सरळ खायला लागला. त्यानं दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा मला त्याचाही संशय आला.

मी सुरुवात केली. "विचार त्यांना, दोन शाळा जोडल्या, त्यातली बुडत होती ती कुठली?"

पोरगी त्यांच्याकडं वळून म्हणाली की बाबांना इतिहासात फार रस आहे.

तेवढं जर्मन मला येतं. पण मास्तर एवढा खूश झाला की मला मध्ये बोलायला जागाच उरली नाही. बुडत कुणीच नव्हतं म्हणे. कारखान्यांना पुस्तकं पाठ असलेले इंजिनिअर मिळत होते, पण यंत्रापुढं उभे केले की हात खिशात. म्हणून पोरांना मधेच कारखान्यात पाठवायचं, परत आणायचं, शिकवायचं, परत पाठवायचं, असं सगळं बसवलेलं. दोन गावांतल्या बसचं वेळापत्रक जुळवायला भांडणं किती झाली तेपण सांगितलं. स्वतःच्या घरातलं भांडण पाहुण्याला सांगणारा माणूस एक तर खरा असतो, नाहीतर फार तयारीचा. माझं मत दुसऱ्याकडं होतं.

मी एकेक काढत गेलो. मास्तरांना पोरं मार्क देतात, मग मास्तर पोरांना घाबरतो का? मास्तर म्हणाला, हो, थोडा. संचालकाला मंत्री नेमतो, मग मंत्री बदलला की तुमचं काय? म्हणाला, मंत्री बदलत असतात, सोमवारचा तास बदलत नाही. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. हेच मला खटकत होतं.

शेवटी मी जे विचारायचं ते विचारलं. बाकीचं सगळं खरं म्हणजे यासाठीच होतं.

"तिथं वर्ग नाही, इयत्ता नाही, एकत्र सुटणारी पोरं नाहीत. मग माझी पोरगी कुठं आहे, कशी आहे, हे तिथं कुणाला माहीत असणार?"

हे तिनं गाळलं नाही. सगळं सांगितलं, हळू आवाजात.

मास्तरनं चमचा खाली ठेवला. म्हणाला, प्रत्येक विद्यार्थ्यामागं एक शिक्षक असतो. तो त्याच्याबरोबर बसून विषय ठरवतो, गाडी घसरली की बोलावून घेतो. मग माझ्याकडं बघून सरळ मलाच म्हणाला, "तर मग, सप्टेंबरपासून तिच्यासाठी तो मीच आहे."

महिन्यांची नावं मला जर्मनमध्ये पक्की येतात, माल त्यावरच मागवतो. सप्टेंबरपासून.

मी पोरीकडं बघितलं. ती कढीपत्त्याची पानं ताटलीच्या कडेला ओळीनं लावत होती. बायकोला अचानक चहाची आठवण झाली आणि ती आत गेली.

मग माझ्या डोक्यात सगळं लागलं. फेब्रुवारीत पोरीला अठरा पूर्ण झाली, गुलाबजाम मीच तळले होते. अठरा म्हणजे या देशात बापाची सही लागत नाही, हे तळताना मला कुणी सांगितलं नाही. ईस्टरला माय-लेकी मैत्रिणीकडं म्हणून दोन दिवस गेल्या होत्या, ती मुलाखत. मी साखरपुडा झाल्यावर मुलगा बघायला बसलो होतो. जाकीट घालून.

आता काय करणार? ओरडावं तर पाहुणे समोर. स्थळ बघायच्या कार्यक्रमात शेवटी बोलायचं असतं ते एकच वाक्य मला पाठ होतं. मी म्हटलं, "सांग त्यांना, विचार करून कळवतो."

मला वाटलं ही सांगणार, बाबा म्हणतात येत जा. पण तिनं जसंच्या तसं सांगितलं. तो मुलगा हसला. मास्तर हसला नाही. त्यानं कागदी रुमालावर आपला नंबर लिहिला, उठून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वाट बघतो."

ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, मला सांगितलं का नाही?

"तुम्ही शंका काढून दमलात की हो म्हणता," ती म्हणाली. "म्हणून दमू दिलं."

"आधी सांगितलं असतं तर?"

"तर अजून दमला नसता."

मी रुसलो. माझं रुसणं म्हणजे घरी जेवायचं नाही आणि हॉटेलात दुप्पट खायचं. पोरीनं मात्र वेगळंच केलं. जुलै गेला तरी तिची बॅग कपाटावरच. बायको म्हणाली, ती म्हणते बाबांनी कळवल्याशिवाय जाणार नाही. आता ही पोरीची माया का आईची युक्ती, ते मला ठरवता आलं नाही. पण बॅग काही खाली येत नव्हती. पोरगी जेवताना खाली मान घालून जेवायची, आणि ते माझ्याच टेबलावर, जसं मला हवं होतं तसं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी बंद हॉटेलात तंदूर साफ करायच्या निमित्तानं गेलो. रुमाल तुपकट झाला होता, आकडे पसरलेले. नंबर फिरवला. पलीकडं एक बाई, फ्रेंचमध्ये, भरभर. मी जर्मनमध्ये म्हटलं, मी बाप बोलतोय. तिनं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "जा." जर्मनमध्ये जा म्हणजे हो. परत काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "जा, जा. गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. आणि ठेवला फोन. घाम तंदूरचा नव्हता, तंदूर थंड होता.

घरी येऊन म्हटलं, "कळवलं."

पोरीनं मराठीत विचारलं, मराठीत, "काय कळवलंत?"

"ते आमच्या दोन घरांमधलं आहे," मी म्हटलं. तिनं खुर्ची ओढली आणि बॅग खाली काढली.

नाताळाला ती घरी आली, चेहऱ्यावर तेज वगैरे. कितवीत आहेस विचारलं तर अजून उत्तर नाही, गुण किती साठले तेवढं सांगते. मी सहज म्हटलं, मास्तर काही बोलले का, माझ्या निरोपाबद्दल? म्हणाली, नाही. निरोप कधी दिलात? ऑगस्टमध्ये, मी म्हटलं. ती हसायला लागली. ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये विद्यापीठ कुलूप लावून बंद असतं, बाबा. फोन उचलायला चिटपाखरू नसतं.

मग मी होकार दिला कुणाला? फ्रान्समधल्या कुठल्या तरी बाईला मी तीनदा हो म्हणून बसलोय. कशाला म्हटलं ते माहीत नाही, आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही.