माईआत्याची ब्रँडी

शनिवारची दुपार होती. नौपाड्यातल्या आमच्या घरी सगळे जेवून आडवे झाले होते आणि मी स्वयंपाकघरातल्या मोरीत ब्रँडीची जवळजवळ भरलेली बाटली ओतून दिली... १९५७-५८ साल असेल. मी अकरा वर्षांची होते.

ब्रँडी माईआत्याची होती. ती बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असायची. तिचं हृदय अशक्त होतं. मधूनच तिचे हातपाय गार पडायचे, ओठ निळसर व्हायचे... मग आई कोमट पाण्यात दोन चमचे ब्रँडी घालून तिला पाजायची. आईला तो वास सोसत नसे, त्यामुळे नाकाला पदर घट्ट लावूनच ती बाटली उघडायची. त्या काळी डॉक्टर असं औषध सर्रास सांगत.

पण दिवस दारूबंदीचे. औषधासाठी घेतली तरी ब्रँडीला सरकारी परवाना लागायचा. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर बाबांनी तो आत्याच्या नावे काढला होता. ठरलेल्या मुदतीत एकच बाटली, आणि तीही बाबांनी स्वतः रांगेत उभं राहून आणायची... जे बाबा चहासुद्धा घेत नसत!

आत्या चिडायची. "दुखणं माझं, डॉक्टर माझा, मग मला चमचे मोजून देणारं सरकार कोण?"

बाबा हसायचे. "माई, देतंय ना? मग घे गुपचूप."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. त्या वर्षी शाळेत दारूबंदीवर इंग्रजी निबंधाची स्पर्धा झाली आणि माझा पहिला नंबर आला. सिस्टरनी तो मला वर्गापुढे वाचायला लावला. मी अगदी हवेत होते.

मधल्या सुट्टीत कुमुद नावाची मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचे बाबा दारूच्या दुकानापुढे रांगेत उभे असतात. माझ्या काकांनी पाहिलंय. निबंध मात्र छान लिहितेस हं!" मुली खो खो हसल्या.

ते औषध आहे, एवढं मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं... घरी आले आणि बाटली रिकामी केली. मग घाबरले. चुलीवर कोरा चहा केला, गाळला, गार केला आणि बाटलीत भरून ठेवला. रंग अगदी तस्सा.

तीन दिवसांनी आत्याला त्रास सुरू झाला. आईने नाकाला पदर लावून बाटली उघडली, दोन चमचे पाजले. थोड्या वेळाने आणखी दोन. "अगं बेबी, बघत काय बसलीस? तळवे चोळ तिचे!"

मी तळवे चोळत होते. ते गारच्या गार... आई चहा पाजतेय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि मी बोलले नाही. तेव्हाही नाही.

शेवटी आईने मला डॉक्टरांकडे पिटाळलं. त्यांनी येऊन इंजेक्शन दिलं. बऱ्याच वेळाने आत्याने डोळे उघडले. मग डॉक्टरांनी बाटली हुंगली, एक थेंब जिभेवर घेतला. "वहिनी, हा चहा आहे."

संध्याकाळी बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. विचारलं काहीच नाही.

मुदतीआधी दुसरी बाटली हवी म्हणून बाबांनी अर्ज केला. त्यावर चौकशीला एक इन्स्पेक्टर घरी आले. मी आतल्या दाराआड उभी होते. रिकामी बाटली त्यांच्यासमोर टेबलावर होती.

"मुदत संपायला इतके दिवस बाकी आहेत. माल गेला कुठे? विकलात?"

"नाही हो. मी प्यायलो."

"किती दिवसांत?"

बाबा जरा अडखळले. "एका दिवसात."

"अरे बाप रे! आणि कशाबरोबर?"

"...दुधाबरोबर."

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं. "अहो, दुधातून कोणी घेतं का? खरं सांगा. घरातल्या मुलाबिलाने सांडली असेल तर बोलवा त्याला, मी विचारतो."

"एकच मुलगी आहे. ती शाळेत गेलीय," बाबा म्हणाले. "मीच प्यायलो. लिहा तुम्ही."

दोन पावलं पुढे टाकली असती तर मी त्यांच्यासमोर असते. पाय हललेच नाहीत... इन्स्पेक्टरांनी जबाब लिहून घेतला, बाबांनी खाली सही केली. परवाना रद्द झाला.

ही दुधाची गोष्ट कशी कोण जाणे बाबांच्या कचेरीत पोचली. पुढे कित्येक वर्षं लोक त्यांना "काय दूधवाले, आज किती?" म्हणून विचारत. बाबा नुसते हसायचे. आत्या नंतर चार वर्षं होती. तिला कसंसं झालं की मी डॉक्टरांकडे धावत सुटायचे, आणि दर वेळी वाटायचं, आज उशीर होणार.

बाबांना मी कधी काही सांगितलं नाही. त्यांनीही शेवटपर्यंत विषय काढला नाही. त्यांच्या त्या सहीची मला आजही शरम वाटते... त्यांची नव्हे, माझी.

हल्ली आमच्या ग्रुपवर वाद रंगतात. कुठलं औषध चिठ्ठीशिवाय मिळावं, सरकारने लोकांच्या दुखण्यात किती नाक खुपसावं... मी नुसती वाचते. सरकारने आत्याला निदान परवाना तरी दिला होता. उशिरा, कुरकुरत, पण डॉक्टरांना विचारून दिला होता.

मी कोणाला विचारलं? आत्या तर पलीकडच्याच खोलीत झोपली होती.