दोन गुटके

माझं नाव निवृत्ती गाडे. हवालदार, ट्रेड ड्रायव्हर. आडनाव ऐकून भरतीच्या दिवशी साहेब हसले होते, आणि आता नावाप्रमाणे निवृत्तही झालो. फौजेत सगळ्यात जास्त चालवली ती शक्तिमान, थ्री टन ट्रक. पोस्टिंग उत्तर सिक्कीमला, ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये. पाचला रोल कॉल, सहाला गाडी स्टार्ट. वर रेशन आणि जवान न्यायचे, रिकामी गाडी खाली आणायची. दुसऱ्या दिवशी परत तेच.

शेजारच्या सीटवर को-ड्रायव्हर सिपाही अंकुश. तो उमापूरचा, मी तलवाड्याचा, दोघं गेवराई तालुक्यातले. प्लाटून आम्हाला 'बीड एक्सप्रेस' म्हणायची. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच म्हणायचे.

को-ड्रायव्हर काय करतो हे गावाकडं समजावून सांगावं लागतं. डोंगरात गाडी थांबली की ड्रायव्हरनं ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. को-ड्रायव्हर उडी मारतो आणि मागच्या चाकाखाली गुटका लावतो. गुटका म्हणजे लाकडाचा तिकोनी ठोकळा, ओढून काढायला दोरी बांधलेला. प्रत्येक गाडीत दोन. लावला की ओरडून सांगायचं, "लग गया, उस्ताद!" ड्रायव्हरला उस्ताद म्हणायची फौजेत रीतच आहे. हे ऐकल्याशिवाय पाय काढला तर तो ड्रायव्हर नव्हे. हँडब्रेकच्या भरवशावर डोंगरात कोणी म्हातारा होत नाही.

हे सगळं आता सांगायचं कारण, तलवाड्यात आम्ही माजी सैनिक अंकुशच्या नावानं एक लहानसं संग्रहालय करतोय. एक पडीक गोदाम मिळालं. लिलावात निघालेली एक शक्तिमान मिळाली. इंजिन नाही, मागचा ताडपत्रीचा टप नाही, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ही आमची गाडी नव्हे, आमच्या गाडीसारखी आहे, हे मी पहिल्या बैठकीतच सांगितलं. फलकावर तसंच लिहायचं ठरलं.

काम गेवराईच्या सलीमभाई मिस्त्रींनी घेतलं. लोकांना वाटतं गाडी जुनी, रंग फासला की झालं. अहो, फौजी हिरवा म्हणजे कुठला यावरच आमचा पावसाळा गेला! दुकानात 'मिलिटरी ग्रीन' म्हणून देतात तो उसाच्या ट्रॉलीला शोभतो. सलीमभाईंनी डबे मिसळून मिसळून एक रंग आणला. मी म्हटलं, जवळ आलाय, पण चमकतोय.

"भाऊ, चमक नहीं रही तो लोगां हसते," सलीमभाई म्हणाले.

"चमकली की दिसते, सलीमभाई. आन् दिसली की मरतो माणूस."

"हौ," म्हणाले, आणि परत डबे घेऊन बसले.

स्टेअरिंग परळीच्या एका भंगारवाल्याकडं सापडलं. औष्णिक केंद्राची राख त्यावर इतकी बसलेली की धुताना पाणी काळं होत गेलं. तेही नेमकं आमच्या मॉडेलचं नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं. खरं सांगायचं तर मी त्या 'त्यातल्या त्यात'ला पार कंटाळून गेलो होतो. पैशासाठी कचेऱ्यांचे हेलपाटे वेगळेच. घोडं मेलं ओझ्यानं आन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं आमचं चाललं होतं. या साहेबाकडून त्या साहेबाकडं, आणि सगळीकडं एकच उत्तर, तरतूद नाही.

शेवटी तालुक्यातले एक पुढारी पुढं आले. नाव घेत नाही. सगळे अण्णा म्हणतात. माणूस वाईट नाही. सगळा खर्च करतो म्हणाले, आणि बैठकीला चहा-भजीसुद्धा घेऊन आले.

मी उभा राहून काय काय लागतं ते सांगितलं. टप, टायर, काचा. शेवटी म्हणालो, "आणि दोन गुटके."

अण्णांनी भजं खाली ठेवलं. "निवृत्तीराव, ह्या वयात? आन् शहिदाच्या स्मारकाच्या पैशातून?"

सगळी बैठक खो खो हसली. एकानं तर खिशातली पुडी काढून पुढं केली, "घ्या, माझ्यातर्फे!" आमच्याकडं गुटखा म्हटलं की दुसरं काही डोक्यात येतच नाही. मीही हसलो. मग गुटका म्हणजे काय ते सांगितलं. अण्णा म्हणाले, "लाकूडच ना? त्याला कोण बघतंय!"

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. रंग चकाकता पाहिजे. ड्रायव्हरच्या सीटवर बंदूक रोखलेला पुतळा पाहिजे. आणि गाडीच्या डाव्या बाजूला गोळ्यांची भोकं.

"भोकं?"

"ड्रिलनं पाडता येतेत. लोकं लांबून येणार, त्यांला काही दिसाया नको? आन् अंकुशला गोळी लागली हे सगळ्या तालुक्याला म्हाईत हाय."

तालुक्याला माहीत आहे ते खोटं आहे. मी गाडी चालवत होतो.

वरच्या रस्त्यावर बर्फ वितळायला लागलं की रस्ता आतून पोकळ होतो. त्या दिवशी सकाळी आमचा कॉन्व्हॉय वर चालला होता. माझ्या गाडीत मागं रजेवरून परतलेले जवान. चढावर रेडिओवर आवाज आला.

"ऑल व्हेइकल्स, पुढे स्लाइड. हॉल्ट. ओव्हर."

"रॉजर."

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. मग प्रेशरचा काटा पडला आणि पॅडल सरळ तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, धरला नाही. गाडी मागं सरकायला लागली. डाव्या हाताला दरी, तळ दिसत नव्हता.

"गुटका!"

मी ओरडलो तेव्हा अंकुश खाली होता. दोन्ही गुटके घेऊन उतरला होता. पहिला त्यानं लावला तो बर्फावरून निसटला. दुसरा त्यानं चाकाखाली घातला आणि बुटानं दाबून धरला. गाडीला हिसका बसला. थांबली.

"लग गया, उस्ताद!"

मी मागच्यांना ओरडलो, "डीबस! डीबस!" धडाधड उड्या पडल्या. सगळे उतरले. मी डाव्या आरशात पाहिलं. आरशात अंकुश होता. मग रस्त्याची कड खचली आणि आरशात नुसता पलीकडचा डोंगर होता.

गाडी जागची हलली नाही. चाकाखालचा गुटका धरून राहिला. मी तसाच बसून होतो. सुभेदार साहेबांनी दार उघडलं. "गाडे, पैर हटा. गाड़ी खड़ी है." मला पाय हलवता येईना. शेवटी साहेबांनी हातानं माझा गुडघा उचलला. तिरंग्यातली पेटी घेऊन उमापूरला मीच आलतो.

तर अण्णांची भोकं. भांडायचं त्राण उरलं नव्हतं हो. पाडा चार भोकं, निदान गाडी तरी उभी राहील, असं मला वाटायला लागलं होतं. पण अंकुशच्या बायकोला विचारल्याशिवाय हो म्हणवेना. म्हणून मोटरसायकल काढली आणि उमापूरला गेलो.

कौसावहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"भोकं? कावून?"

"पैसे मिळतेत, वहिनी. नाहीतर गाडी तशीच पडून राहील."

"त्यांला गोळी लागली न्हाई, भाऊजी. शाळेत बी मला बोलवतेत, मी लाकडाचं सांगते तर मास्तरच हिरमुसतेत. हिरमुसू द्या. गाडीतली माणसं घरी गेली का न्हाई त्या लाकडानं?"

"गेली, वहिनी."

"मग? भोकं पाडली तर ते गोळीनं मेले म्हणतेत लोकं. आन् ज्यानं मेले ते कुटं जाईल?"

वहिनी परत पाखडायला लागल्या. मग आपल्याशीच हसल्या.

"रजेवर आले की रातच्याला दाराला दगड लावायचे आन् ओरडायचे, लग गया उस्ताद! सासू दचकून उठायची. मी म्हणायचे, मला कावून उस्ताद? मी कदी गाडी चालवली? तर म्हणायचे, ह्या घराच्या ब्रेकवर तुजाच पाय हाय." पदरानं तोंड पुसलं. "लई वरडायचे."

निघताना त्यांनी बांधावरची तोडलेली बाभूळ दाखवली. गुटक्याला न्या म्हणाल्या.

अण्णांना मी नाही म्हणून सांगितलं. ते रागावले नाहीत. "तुमची मर्जी, निवृत्तीराव," म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. मग आम्ही पेन्शनवाल्यांनी आपापसात गोळा केलं. टप झाला नाही. पुढचे दोन टायर एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रेकचं काम राहिलं ते राहिलंच. सलीमभाईंनी रंगाची मजुरी घेतली नाही, आणि रंग मात्र हुबेहूब उतरला. गुटके बाभळीचे केले. तिकडं देवदाराचे असायचे, इथं देवदार कुठला आणायचा? फलकावर तेही लिहिलं.

गाडी जागेवर नेली त्या सकाळी पुढारी नव्हते, बँड नव्हता. आम्ही दहा-बारा म्हातारे आणि सलीमभाई. कौसावहिनी उमापूरहून जीपनं आल्या. त्यांनी डावीकडचं दार उघडलं. को-ड्रायव्हरच्या सीटवरून हात फिरवला, पण बसल्या नाहीत. सीटखालचे दोन्ही गुटके काढून घेतले आणि खाली उभ्या राहिल्या.

मी स्टेअरिंगवर बसलो. बाकीचे मागून ढकलू लागले. गोदामापुढचं अंगण रस्त्याकडं उतरतं आहे. गाडी चढून जागेवर आली, आणि जरा मागं कलली. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ब्रेक नव्हताच. पॅडल तळाला लागलं.

"भाऊजी, हलू नका," मागून आवाज आला.

मी डाव्या आरशात पाहिलं. वहिनी वाकल्या होत्या. एक गुटका लावला, टाचेनं ठोकला. पलीकडं जाऊन दुसरा लावला. गाडीला बारीक हिसका बसला. वहिनी परत आरशात आल्या, पदर खोचला, आणि सगळ्या म्हाताऱ्यांसमोर अंकुशसारख्याच मोठ्यांदा ओरडल्या,

"लग गया, उस्ताद!"

मी ब्रेकवरचा पाय काढला.